दूरशिक्षणातील स्वाध्याय आणि त्यावरील शेरा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या त्रिसूत्रीत शिक्षणाचे स्थान पहिले आहे, हे आपल्या समाजातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु शिक्षण म्हणजे शाळा-कॉलेजच्या इमारतीत दिवसभर जाऊन बसणे, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. ज्याला दिवसा पोटामागे जावे लागते त्याच्या सवडीप्रमाणे शिक्षणानेच आपली वेळ बदलावी, हा त्यामागील विचार होता. पुढे मुक्त विद्यापीठांनी हाच विचार अधिक दूरवर नेला. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद घेतलेल्या ह्या विद्यापीठाने शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचे अभ्यासक्रम काढले. त्यामुळे संसारात अडकलेल्या भगिनींना, पहारेकरी, कंडक्टर, सफाई कामगार, अंगणवाडी सेविका अशा कितीतरी जणांना पदवीचा मार्ग मोकळा झाला.

मार्ग मोकळा झाला हे खरे, पण नाव नोंदविणारे सगळेच शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. मध्येच थांबणाऱ्यांची कारणे अनेक असतात. फीचे पैसे, घरातील आजारपण, रात्रपाळी ही कारणे सर्वांना दिसतात. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे. ते कोणाच्या नजरेत भरत नाही आणि त्यावरील उपायाला पैसाही लागत नाही. विद्यार्थ्याने रात्री जागून लिहिलेला स्वाध्याय परत येतो, त्यावर एक आकडा असतो, एक बरोबरची खूण असते आणि फार तर ‘ठीक’ एवढा शब्द असतो. पुष्कळदा तो परत येतच नाही. आपण काय बरोबर लिहिले, कोठे चुकलो, पुढे काय करावे हे त्या विद्यार्थ्यास कळत नाही. त्याला सांगणारे दुसरे कोणी जवळ नसते. प्रस्तुत लेखात आम्ही ह्याच विषयाचा विचार करणार आहोत.

दूरशिक्षणाचा आरंभ तपासलेल्या कागदापासून

वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाचा चेहरा दिसतो. शिक्षकाने भुवई उंचावली तरी आपले काहीतरी चुकले हे त्याला समजते. तास संपल्यावर तो दाराशी थांबून शंका विचारू शकतो. शेजारच्या मित्राची वही पाहू शकतो. दूरशिक्षणात ह्यातले काहीच नसते. पुस्तके पोस्टाने येतात किंवा मोबाईलवर उतरवून घेता येतात. अभ्यासकेंद्रावर काही रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारे शिक्षक, भेटतात. परंतु पाळी बदलून मिळाली नाही तर तेही चुकते. अशा विद्यार्थ्याशी शिक्षक एकट्याने, केवळ त्याच्याविषयी बोलतो असा एकच प्रसंग उरतो, तो म्हणजे त्याच्या स्वाध्यायावरील शेरा.

दूरशिक्षणाचा आरंभच मुळी ह्या तपासणीतून झाला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली. त्याच सुमारास आयझॅक पिटमन ह्या गृहस्थाने आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास सुरुवात केली. विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत लिहून टपालाने पाठवीत, पिटमन त्यातील चुका दुरुस्त करून तो परत पाठवीत. लघुलिपीची पुस्तके तर दुकानातही विकत मिळाली असती. ह्या व्यवस्थेला शिक्षण म्हणता आले ते दुरुस्त होऊन परत येणाऱ्या कागदामुळे.

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले व १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. त्यांनी हे तत्त्व मनावर घेतले. स्वाध्याय तपासणे ही कारकुनी नसून ते अध्यापनच आहे, असे तेथे मानले जाते. शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काही नमुने वरिष्ठ पुन्हा पाहतात. त्यात गुण योग्य आहेत की नाहीत एवढेच पाहत नाहीत, तर लिहिलेले शेरे विद्यार्थ्याला उपयोगी पडतील की नाही हेही पाहतात.

संकलित आणि आकारिक

शिक्षणशास्त्रात मूल्यमापनाचे दोन प्रकार सांगितले जातात. वर्षाच्या शेवटी विद्यार्थी किती शिकला ह्याचा हिशेब मांडणे हे संकलित मूल्यमापन. तो शिकत असतानाच कोठे अडला आहे ते पाहून त्याला पुढची वाट दाखविणे हे आकारिक मूल्यमापन. अमेरिकेतील मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली हा भेद अभ्यासक्रमांच्या संदर्भात मांडला आणि बेंजामिन ब्लूम यांनी तो विद्यार्थ्यांच्या अध्ययनास लावून दाखविला. महाराष्ट्रातील शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून हे दोन शब्द पालकांच्याही कानावर आहेत.

कुंभाराचे उदाहरण घ्यावे. चाकावर गाडगे फिरत असताना कुंभार बोटांनी त्याची कड सावरतो, हे झाले आकारिक. भाजून निघालेले गाडगे गिऱ्हाईक टिचकी मारून पाहते, हे झाले संकलित. टिचकीने गाडगे पक्के की कच्चे हे कळते. पण कच्चे गाडगे टिचकीने पक्के होत नाही.

दूरशिक्षणातील स्वाध्यायाची अडचण अशी की त्याला दोन्ही कामे करावी लागतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. म्हणजे स्वाध्यायाला गुण द्यावेच लागतात. पण गुण देण्याची घाई झाली की शिकविण्याचे काम मागे पडते. स्वाध्याय म्हणजे ३० टक्के मिळविण्याचे साधन, असे मग विद्यार्थीही मानू लागतो.

गुण बोलतात किती?

वीसपैकी नऊ गुण मिळाले म्हणजे विद्यार्थ्याला काय कळले? आपण दहाच्या खाली आहोत, एवढेच. बँकेत धनादेश न वटता परत आला तर त्याला कारणाची चिठ्ठी जोडलेली असते. सही जुळत नाही, अंकी व अक्षरी रक्कम जुळत नाही, तारीख उलटून गेली आहे, असे त्यात स्पष्ट लिहावे लागते. खातेदार कितीही रागावलेला असला तरी ती चिठ्ठी वाचून पुढे काय करायचे हे त्याला समजते. पाचशे रुपयांच्या धनादेशाला जो मान मिळतो, तो विद्यार्थ्याच्या आठ दिवसांच्या श्रमाला मिळू नये हे योग्य नाही.

ह्याविषयी संशोधनही झालेले आहे. इस्रायलमधील रूथ बटलर ह्या विदुषींनी १९८८ साली शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामावर नुसते गुण दिले, दुसऱ्याला नुसता लेखी अभिप्राय दिला आणि तिसऱ्याला गुण व अभिप्राय दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता अभिप्राय मिळालेल्या गटात. दोन्ही मिळालेल्या गटाला अभिप्रायाचा लाभ झाला नाही. गुण दिसले की मूल इतरांशी आपली तुलना करू लागते आणि अभिप्राय बाजूला राहतो, असा ह्याचा अर्थ लावला जातो. प्रौढ विद्यार्थ्याचा स्वभावही ह्याहून फार वेगळा नसतो. तोही कागद हाती येताच प्रथम आकडा शोधतो.

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे गुण तर द्यावेच लागणार. मग तपासणाऱ्याने निदान एवढे करावे की अभिप्राय पहिल्या पानावर ठळक जागी लिहावा आणि गुण शेवटी मांडावेत. स्वाध्याय समक्ष परत देताना आधी अभिप्राय वाचावयास लावावा आणि मग गुण सांगावेत.

ऑस्ट्रेलियातील रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली तीन गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या. चांगले काम कसे असते हे विद्यार्थ्याला माहीत हवे. आपले काम त्याच्या तुलनेत कोठे आहे हे त्याला कळायला हवे. आणि दोन्हींतील अंतर कमी करण्यासाठी त्याने प्रत्यक्ष काहीतरी करायला हवे. ह्यातील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शेरा वाचून विद्यार्थ्याला काही करता आले नाही, तर तो शेरा कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी वाया गेला. विद्यार्थ्याला पुढचे पाऊल टाकायला लावणाऱ्या अशा अभिप्रायालाच शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ म्हणतात. साधा शेरा आणि प्रत्याभरण ह्यांतील फरक तो हाच.

मुंबईहून लंडनला गेलेला प्रबंध

परत आलेले काम पुन्हा लिहिणे ह्यात कमीपणा आहे, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग आठवावा. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा आपला प्रबंध बाबासाहेबांनी १९२२ साली लंडन विद्यापीठास डी.एस्सी. पदवीसाठी सादर केला. १९२३ च्या प्रारंभी परीक्षकांनी तो पुन्हा लिहून देण्यास सांगितले. ब्रिटिशांच्या चलनविषयक धोरणावर त्यात परखड टीका होती. बाबासाहेब मुंबईस परत आले. येथे उपजीविकेचा प्रश्न समोर असतानाच त्यांनी प्रबंधाची मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत आणि सुधारलेला प्रबंध मुंबईहून लंडनला पाठविला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला.

ह्या ग्रंथाला त्यांचे शिक्षक प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. आपल्याला लेखकाची काही मते पटत नाहीत, हे त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितले आहे आणि त्याबरोबरच त्याच्या विचारांतील ताजेपणाचा गौरवही केला आहे. विद्यार्थ्याचे मत पटत नसतानाही त्याच्या विचारशक्तीचा मान राखणे हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण होय. आणि परीक्षकाचे म्हणणे ऐकून घेऊन, आपले सत्य न सोडता लेखन सुधारणे हे चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण होय. एका अर्थी हे दूरशिक्षणच होते. परीक्षक लंडनमध्ये आणि विद्यार्थी मुंबईत, मध्ये समुद्र आणि टपाल-बोट.

दोष दाखविण्याच्या पाच कसोट्या

दुसऱ्याचा दोष कसा दाखवावा ह्याचा विचार आपल्या धम्मपरंपरेत फार बारकाईने झालेला आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात, दुसऱ्या भिक्खूचा दोष दाखवू इच्छिणाऱ्या भिक्खूने प्रथम स्वतःच्या मनाशी पाच गोष्टी पक्क्या कराव्यात असे सांगितले आहे. बोलणे योग्य वेळी असावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या चित्ताने असावे. आमच्या मते स्वाध्याय तपासणाऱ्यासाठी ह्याहून सोपी व पुरी पडणारी कसोटी नाही. ती आपण एकेक करून लावून पाहू.

पहिली कसोटी वेळेची. परीक्षा होऊन गेल्यावर आलेला शेरा म्हणजे पाऊस उघडल्यावर आणलेली छत्री. पहिल्या स्वाध्यायावरील अभिप्राय दुसरा स्वाध्याय लिहिण्यापूर्वी हाती पडला, तरच त्याचा उपयोग. सविस्तर शेरा दोन महिन्यांनी देण्यापेक्षा चार ओळींचा शेरा आठ दिवसांत दिलेला बरा.

दुसरी कसोटी सत्याची. शेरा त्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष लिहिलेल्या मजकुरावर असावा. ‘अधिक अभ्यास करा’, ‘विस्तार हवा’, ‘छान’ हे शेरे कोणाच्याही कागदावर चालतात, म्हणून ते पोकळ होत. शेऱ्यातून विद्यार्थ्याचे नाव काढून तो दुसऱ्याच्या कागदावर तसाच चिकटविता येत असेल, तर तो पुन्हा लिहावा. खोटी स्तुतीही ह्याच कसोटीवर नापास होते. न्यूझीलंडचे जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ साली ह्या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. ‘तू हुशार आहेस’ अशा धर्तीच्या व्यक्तिगत स्तुतीने शिकण्यात फारशी भर पडत नाही, असे त्यांनी दाखविले. काय केले आणि कसे केले ह्यावरील अभिप्रायाने भर पडते.

तिसरी कसोटी मृदुतेची. आपल्या वस्तीतून दूरशिक्षण घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घरातील पहिलेच पदवीचे विद्यार्थी असतात. त्यांच्या लेखनात ‘व्हता’, ‘पानी’, ‘आन्’ अशी बोलीतील रूपे येतात. त्यावर ‘भाषा गावठी’ असा शेरा मारला, तर तो त्या एका शब्दावर राहत नाही. तो आईच्या बोलण्यावर, घरावर आणि जातीवर जाऊन पडतो. अशा एका शब्दाने माणूस पुन्हा लेखणी हाती घेत नाही. त्याऐवजी ‘बोलताना आपण व्हता म्हणतो, परीक्षेच्या लेखनात होता असे लिहावे’ एवढे म्हणावे. चूक तर कळते आणि बोलीचा अपमानही होत नाही. प्रमाणभाषेतील चूक आणि विचारातील चूक ह्या वेगळ्या आहेत, हे तपासणाऱ्याने कधीही विसरू नये. कागदभर लाल शाईच्या रेघा ओढू नयेत, हेही ह्याच कसोटीत येते.

चौथी कसोटी हिताची. पंधरा चुका दिसल्या म्हणून पंधराही दाखविल्या पाहिजेत असे नाही. ज्या दोन-तीन गोष्टी सुधारल्या असता पुढचे सर्व लेखन सुधारेल, त्या निवडाव्यात. बाकीच्या पुढच्या वेळी पाहता येतील. आणि प्रत्येक दोषाबरोबर करावयाची कृती सांगावी.

पाचवी कसोटी मैत्रीची. तपासणाऱ्याने स्वतःला विचारावे, हे वाक्य मी समोर बसलेल्या ह्या माणसाला तोंडावर म्हणेन का? म्हणणार नसेन तर कागदावरही लिहू नये. वर्गातील कठोर शब्दानंतर शिक्षक हसून तो सौम्य करू शकतो. कागदावरचा शब्द मात्र तसाच राहतो आणि विद्यार्थी तो रात्री एकटा वाचतो.

एक उदाहरण

हे सर्व प्रत्यक्षात कसे उतरते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा इतिहासाच्या स्वाध्यायात प्रश्न असा आहे : ‘महाडच्या सत्याग्रहाची कारणे सांगून त्याचे महत्त्व स्पष्ट करा.’ विद्यार्थिनीने तीन पाने लिहिली. पहिले पानभर बाबासाहेबांच्या थोरवीचे वर्णन आहे. दुसऱ्या पानावर २० मार्च १९२७ रोजी लोक चवदार तळ्याकडे कसे निघाले ते क्रमाने सांगितले आहे आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले असे म्हटले आहे. तिसऱ्या पानावर हा दिवस आपण कसा साजरा करतो ते लिहिले आहे. कारणे कोठेच नाहीत.

रूढ पद्धतीचा शेरा असा पडेल : ‘मुद्देसूद लिहा. तारखा चुकल्या. विषयांतर. ९/२०.’ ह्यात खोटे काही नाही, पण ती विद्यार्थिनी ह्यावरून पुढे काय करणार?

आता दुसरा शेरा पाहा :

‘तळ्याकडे जाण्याचा प्रसंग तुम्ही क्रमाने व नेमका लिहिला आहे. वाचणाऱ्यास तो दिसतो. आता दोन गोष्टी करा. पहिली, प्रश्नात कारणे विचारली आहेत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही पाणी का घेता येत नव्हते? ह्या एका प्रश्नाचे उत्तर आठ-दहा ओळींत लिहिले की तुमचा कारणांचा भाग तयार होईल. दुसरी, मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी झाले. मार्च १९२७, डिसेंबर १९२७ आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला ते १९३७, असा तीन ओळींचा तक्ता वहीत करा. तो पाहिलात म्हणजे लढा एका दिवसाचा नव्हता हे ध्यानात येईल आणि महत्त्व लिहिताना तोच मुद्दा उपयोगी पडेल. पहिल्या पानावरील मजकूर दोन ओळींत आणता येईल.’

हा शेरा लिहिण्यास पाच-सात मिनिटे अधिक लागतील. परंतु ह्यात गुण कमी का पडले ते कळते. काय चांगले आहे ते नेमके कळते. उत्तर तयार करून दिलेले नाही, एक प्रश्न दिलेला आहे. आणि करावयाची दोन कामे मोजून सांगितली आहेत. शिवाय ‘प्रश्नाचे किती भाग आहेत ते आधी पाहावे’ ही सवय तिला लागली, तर ती इतिहासाबाहेरही, म्हणजे मराठीच्या, अर्थशास्त्राच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या कागदावरही कामाला येईल.

विद्यार्थ्यांनी काय करावे

विद्यार्थी बंधू-भगिनींनो, शेरा चांगला असो वा तुटपुंजा, त्यातून लाभ करून घेणे काही अंशी आपल्याही हाती असते. भगवान बुद्धांनी राहुलास केलेल्या उपदेशात आरशाचे उदाहरण आहे. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पुन्हा पुन्हा तपासून पाहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. स्वाध्यायालाही तो लागू पडतो. त्या दृष्टीने आम्ही काही साध्या सूचना करतो.

१) स्वाध्याय देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स किंवा मोबाईलवर छायाचित्रे ठेवावीत. मूळ कागद परत आला नाही तरी आपले लेखन आपल्यापाशी राहते.

२) लिहून झाल्यावर एक दिवस जाऊ द्यावा. मग प्रश्न पुन्हा वाचून त्याचा प्रत्येक भाग उत्तरात कोठे आला आहे त्यावर पेन्सिलीने खूण करावी.

३) स्वाध्यायाच्या शेवटी, केंद्राची हरकत नसेल तर, तपासणाऱ्यास एक नेमका प्रश्न विचारावा. ‘माझी कारणे पुरेशी झाली का?’ असा प्रश्न असला की तपासणाऱ्यासही नेमके उत्तर द्यावेसे वाटते.

४) शेरा वाचून वाईट वाटले तर कागद त्या दिवशी बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यातील एक परिच्छेद शेऱ्याप्रमाणे पुन्हा लिहावा. सर्व उत्तर लिहिण्याची गरज नाही, परंतु एक परिच्छेद लिहावाच.

५) एका वहीत सर्व विषयांचे शेरे उतरवून ठेवावेत. तीन-चार स्वाध्यायांनंतर एकच दोष पुन्हा पुन्हा येत असल्याचे दिसते. तोच प्रथम दूर करावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तयार उत्तरांच्या झेरॉक्स बाजारात विकत मिळतात. आता तर मोबाईलवर प्रश्न टाकला की यंत्र क्षणात पानभर उत्तर लिहून देते. ते उतरवून गुण मिळतीलही. परंतु त्यावर येणारा शेरा दुसऱ्याच्या विचाराला असेल, तुमच्या नव्हे. आपली चूक सांगणारा जो एकमेव माणूस दूरशिक्षणात भेटतो, त्याची भेट आपण आपल्याच हाताने टाळतो. स्वतःच्या लेखनावर मिळालेले वीसपैकी नऊ हे उसन्या लेखनावरील सोळांपेक्षा अधिक शिकवितात.

आपल्या संस्थेला काय करता येईल

विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांवर एकेका समंत्रकाकडे कागदांचे गठ्ठे असतात आणि तपासणीचे मानधन थोडे असते. त्यांना दोष देऊन आपला प्रश्न सुटत नाही. आपल्या समाजात आज शिक्षक, प्राध्यापक, वकील, बँका व सरकारी कार्यालयांतील नोकरदार, निवृत्त अधिकारी ह्यांची वाण नाही. बुद्धविहारात वंदनेनंतर पंधरा दिवसांतून एकदा दीड-दोन तास असे चार-पाच सभासद बसले आणि दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी आपले कच्चे लेखन त्यांच्यापुढे ठेवले, तर केंद्राकडे जाण्यापूर्वीच त्या लेखनाला वाचक मिळेल. जे विद्यार्थी कामामुळे येऊ शकत नाहीत त्यांनी पानाचे छायाचित्र मोबाईलवर पाठवावे आणि वाचणाऱ्याने दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा. आवाजात मैत्री चटकन पोहोचते, असा हा एक फायदाच आहे.

ह्या कामाला तीन पथ्ये असावीत. वाचणाऱ्याने उत्तर लिहून देऊ नये व सांगूनही देऊ नये, फक्त प्रश्न विचारावेत आणि मार्ग दाखवावा, कारण स्वाध्याय विद्यार्थ्याचा स्वतःचा असला पाहिजे असा विद्यापीठाचाही नियम आहे. विद्यार्थ्याच्या चुका विहारात चारचौघांत चर्चिल्या जाऊ नयेत. आणि प्रत्येक बैठकीत आधी मागील शेऱ्याचे काय केले ते पाहावे, मग नवे लेखन घ्यावे. विषयाचे ज्ञान नसले तरी चालते. प्रश्न काय आहे आणि उत्तरात ते आले आहे का, वाक्य समजते का, एवढे कोणताही सुशिक्षित माणूस सांगू शकतो.

आपल्या समाजात धम्मदानाची परंपरा आहे. विहारासाठी, शिष्यवृत्तीसाठी, पुस्तकांसाठी सभासद आपल्या ऐपतीप्रमाणे देत आले आहेत. एखाद्या धडपडणाऱ्या विद्यार्थ्याचे तीन कागद लक्षपूर्वक वाचून त्यावर चार खऱ्या व हिताच्या ओळी लिहिणे हेही दानच आहे. त्याला पावती मिळत नाही आणि स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत नाव छापले जात नाही. परंतु रात्रपाळी संपवून आलेला एखादा विद्यार्थी त्या चार ओळी वाचतो आणि अर्धवट राहिलेला परिच्छेद पुन्हा लिहावयास बसतो. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत दूरशिक्षणातून पदवी मिळविलेल्यांची यादी ह्या वर्षीपेक्षा मोठी व्हावी, अशी इच्छा असलेल्या सभासदांनी आपले नाव व सवडीचा वार संस्थेच्या कार्यालयात कळवावा, ही नम्र विनंती.

जयभीम!